त्यांचं गेलं, मग तुमचं का नाही?

हे वाक्य माझंच आहे. मे २०१७, पोखऱ्याचा जुना विमानतळ, सकाळचे साडेआठ. काउंटरपलीकडे पंचविशीतला एक नेपाळी मुलगा उभा होता आणि मी त्याला हिंदीत, आवाज चढवून हे ऐकवलं होतं. मागे बाकावर आई, शेजारी मावशी, पायाशी बॅगा. सलग दुसऱ्या दिवशी आमचं जोमसोमचं विमान खोळंबलं होतं, आणि दहाच मिनिटांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं तसंच पंख्याचं विमान आमच्या डोळ्यांदेखत उडून गेलं होतं.

त्या मुलानं वाद घातला नाही. "दीदी, जोमसोम खुला है," तो म्हणाला. "रास्ता बंद है."

मला ती थाप वाटली. जिथं उतरायचं ते उघडं आहे, जिथून उडायचं तिथं चक्क ऊन पडलंय, मग आकाशात रस्ता कुठला आणि तो बंद कोण करतो? मी पुन्हा तेच म्हणाले. इंदूरकडच्या यात्रेकरूंचा एक गट मागे उभा होता, त्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एका काकांनी मॅनेजरला बोलवायला लावलं. मॅनेजर आला आणि हात जोडून तेच सांगून गेला. ते दुसरं विमान जोमसोमला सुखरूप उतरल्याचं अर्ध्या तासात कळलं, आणि आमचा राग आणखी वाढला.

मुक्तिनाथला जायचं आईच्या मनात आलं ते शाळिग्रामामुळे. आमच्या देव्हाऱ्यात सुपारीएवढा एक काळा शाळिग्राम आहे, आजीच्या सासरहून आलेला. लहानपणी आई तो ओल्या फडक्यानं पुसायची आणि त्यावरचं चक्र मला बोटानं चाचपायला लावायची. पुढे कॉलेजात असताना मी तिला सांगितलं, की हे चक्र म्हणजे समुद्रातल्या एका जिवाचं कवच आहे, हिमालय वर येण्याआधी तिथं समुद्र होता. तिला त्याचा धक्का वगैरे बसला नाही. "म्हणजे देव समुद्रातून एवढा उंच चढून आला," ती म्हणाली, "मग ती नदी एकदा बघायलाच हवी."

ती नदी म्हणजे काली गंडकी, शाळिग्राम तिच्याच पात्रात सापडतात. मुक्तिनाथचं देऊळ ३,७१० मीटरवर आहे आणि तिथं जायला जोमसोमला उतरावं लागतं. पोखऱ्याहून जीपनं गेलं तर दिवसभर हाडं खिळखिळी होतात, विमानानं वीस-पंचवीस मिनिटं. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची, गुडघे दुखणारी. विमान घ्यायचं यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. माझी रजा सात दिवसांची, काठमांडूहून परतीचं तिकीट ठरलेलं, जोमसोमच्या हॉटेलचे पैसे भरलेले. काउंटरवरच्या त्या एका वाक्यात हे सगळं होतं.

तिसऱ्या दिवशी सव्वासातला बोलावणं आलं. विमान ट्विन ऑटर, एकोणीस प्रवाशांचं. आत वाकून शिरावं लागतं. एका बाजूला एकेक सीट, दुसऱ्या बाजूला दोन-दोन. हवाई सुंदरीनं ताटलीतून कापसाचे बोळे आणि गोळ्या फिरवल्या. कापूस कानात घालायचा, गोळी तोंडात. मी पुढेच बसले होते, त्यामुळे वैमानिकांची समोरची काच आणि दोघांचे हात मला दिसत होते. या विमानाच्या इंजिनांचे दांडे डोक्यावर, छताला असतात. उडताना दोघांचे हात वर, त्या दांड्यांवर होते.

खाली फेवा ताल दिसला, मग भातखाचरांच्या पायऱ्या, मग नुसतं जंगल. समोरच्या काचेत आधी डोंगर होते, नंतर डोंगरांचे फक्त खालचे भाग राहिले. मोठ्या कॅप्टननी मान पुढे काढली, पावसात दुचाकीवरून जाताना आपण काढतो तशी. ते पुढं बघत होते, मग डावीकडे, मग पुन्हा पुढं. धाकट्यानं काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली. आणि विमान एका अंगावर कलायला लागलं. माझी खिडकी जंगलानं भरून गेली. एका घराचं निळं पत्र्याचं छप्पर दिसलं आणि त्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेले दगड दिसले, मोजता येतील इतके स्पष्ट. मग छप्पर मागं पडलं आणि ऊन खिडकी बदलून दुसऱ्या बाजूला गेलं.

चाकं टेकली तेव्हा आईनं विचारलं, "आलं का गं जोमसोम?"

आम्ही परत पोखऱ्यात होतो. उतरल्यावर कॅप्टन पंखाच्या सावलीत उभे होते, घामानं पाठ ओली झालेली. आम्ही सगळे त्यांच्या अंगावरून गेलो. इंदूरचे काका मोठ्यानं म्हणाले, "दस मिनट और रुक जाते तो निकल ही जाते." कॅप्टनना हिंदी कळत असणारच. कोणी त्यांना साधा नमस्कार केला नाही. मीही केला नाही. आईला आणि मावशीला जीपनं कसं न्यायचं, हॉटेलचे पैसे परत मिळतील का, हाच विचार डोक्यात चालला होता.

जीप मिळाली. बेनीवरून तातोपानीला पोहोचायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून लेते गावाशी चहाला थांबलो तेव्हा ढग पाइनच्या शेंड्यांवर टेकले होते. तिथं मी पहिल्यांदा ती दरी खालून पाहिली. एका हाताला धौलागिरी, ८,१६७ मीटर. दुसऱ्या हाताला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. दोन्हींच्या मधून ही नदी जाते, शिखरांच्या साडेपाच किलोमीटर खालून. अर्थात शिखरं दिसत नव्हतीच. दिसत होत्या दोन भिंती, वर ढगात शिरणाऱ्या.

आणि विमानाचा आवाज आला. आधी मागून, खालच्या अंगानं, मग वाढत वाढत डोक्यावर. दोन्ही भिंतींवर घुमल्यामुळे तो नेमका कुठून येतोय ते कळेना. आमचा ड्रायव्हर, आम्ही त्याला दाई म्हणायचो, नेपाळीत दाई म्हणजे दादा, हातात ग्लास धरून वर बघत राहिला. चहावाली बाई बाहेर आली, तिनं पायांशी आलेल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. वर सगळं दुधासारखं पांढरं. आवाज थोडा वेळ तिथंच भरून राहिला, मग पातळ झाला, मग ऐकू येईनासा झाला. पुढं गेलं की परत फिरलं, सांगता येत नव्हतं.

"गयो," दाई म्हणाला आणि त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला. मग माझ्याकडे बघून हातानं दरीची चिरण दाखवली, दक्षिणेकडून उत्तरेकडे. "प्लेन का रास्ता भी यही है."

काउंटरवरचा मुलगा कोणत्या रस्त्याबद्दल बोलत होता ते मला तिथं कळलं. आपण मुंबई-दिल्लीच्या विमानात बसतो ते ढगांच्या वरून जातं, डोंगर कुठल्या कुठे खाली. हे छोटं विमान तसं जात नाही. त्याच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसते, त्यामुळे प्रवाशांना घेऊन फार उंच जाता येत नाही, आणि समोर आठ हजार मीटरची भिंत आहे. म्हणून ते घोडेपानीच्या खिंडीवरून दरीत उतरतं आणि नदीच्या मागोमाग वर चढतं, जसा जीपचा रस्ता चढतो. डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरच हे उड्डाण चालतं. पोखऱ्यात ऊन आणि जोमसोममध्ये ऊन असून उपयोग नाही, मधल्या घोडेपानीवर ढग बसला की वाट मिटली. त्यात वेळेची कोंडी वेगळी. सकाळ चढत गेली की वरचं मुस्तांगचं कोरडं पठार तापतं आणि दक्षिणेकडची हवा या चिरणीतून वर ओढली जाते. दुपारी जोमसोमला उभं राहवत नाही असा वारा सुटतो, त्यामुळे विमानांचा सगळा कारभार सकाळी उरकावा लागतो. म्हणजे पहाटेचे ढग हटायची वाट बघायची आणि वारा सुटायच्या आत पोहोचायचं. त्या दोन्हींच्या मधला जो वेळ उरतो त्यात आमच्यासारखे बाकावर बसलेले लोक येऊन काउंटर वाजवतात.

धुकं आपल्याला फार लाडकं आहे. पाऊस सुरू झाला की अर्धं पुणं ताम्हिणीत जातं, अर्धं लोणावळ्याला, ढगात उभं राहून फोटो काढायला. मीही जाते. पण धुक्याची भीती काय असते ते मी कॉलेजात हरिश्चंद्रगडावर एकदा अनुभवलं होतं. कोकणकड्याकडे जाताना ढग आला आणि पुढच्या मुलीची पाठ दिसेनाशी झाली. आमच्याबरोबर पाचनईचे एक म्हातारे बाबा होते. ते ओरडले, "पोरांनो, बसा खाली. धुई उठेपत्तर कोणी जाग्यावरून हालायचं नाही." आम्ही ओल्या गवतात तासभर बसून राहिलो. धुकं उठलं तेव्हा कडा आमच्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर होता, आणि आम्ही तो दुसऱ्या दिशेला आहे असं समजत होतो.

विमानाला बसता येत नाही, सगळा फरक इथं आहे. ताशी अडीचशे किलोमीटर हा या छोट्या विमानाचा साधा वेग. म्हणजे सेकंदाला जवळपास सत्तर मीटर. अर्धा किलोमीटर पुढचं दिसत असेल तर हाताशी सात सेकंद आहेत. आणि परत फिरायचं म्हटलं तरी गाडीसारखं जागच्या जागी वळता येत नाही. त्या वेगात विमान तीस अंश कलवून उलट्या दिशेला आणायचं तर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद मोकळी जागा लागते. दरी त्याहून अरुंद झाली, किंवा तिची पलीकडची भिंत ढगात गेली, की परत फिरण्याचा निर्णय घेऊनही उपयोग नसतो. तो आधीच घ्यावा लागतो, समोर अजून थोडं दिसतंय तोवर. म्हणजे नेमका अशा वेळी, जेव्हा मागं बसलेल्यांना वाटत असतं की अहो, दिसतंय की अजून.

ढगात शिरल्यावर माणसाचं शरीरही दगा देतं. आपला तोल कानाच्या आतल्या तीन बारीक अर्धगोल नळ्यांमधल्या द्रवावर चालतो. वळण एकसारखं चालू राहिलं की तो द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ चाललोय असं वाटायला लागतं. मग विमान खरोखर सरळ केलं तर उलट्या बाजूला पडल्यासारखं वाटतं, आणि हात आपोआप पुन्हा चुकीकडे वळवतो. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. यंत्रांवरून उडवण्याचा सराव नसलेल्या वीस जणांना हवेत नेऊन, बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय करून विमान हातात दिलं. विसांपैकी एकालाही ते सांभाळता आलं नाही. सरासरी वेळ निघाला १७८ सेकंद. तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. मुरलेले वैमानिक यंत्रांवर नजर ठेवून विमान सरळ ठेवू शकतात, पण अरुंद दरीत सरळ जाणं पुरत नाही. सरळ पुढं डोंगर असू शकतो. नेपाळमधले वैमानिक म्हणतात, आमच्या ढगांत दगड असतात.

आम्ही अखेर मुक्तिनाथला पोहोचलो. एकशे आठ धारांपैकी आईनं किती अंगावर घेतल्या ते मोजलं नाही, पण नदीत ती बराच वेळ उभी होती. उतरताना पुन्हा जीपच घेतली.

त्यानंतर पाच वर्षांनी, २९ मे २०२२, रविवार. दुपारी टीव्हीवर पट्टी आली की पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं ट्विन ऑटर बेपत्ता आहे. बावीस माणसं. त्यांत चार आपल्याकडची, ठाण्याची. आईनं चष्मा लावला आणि पट्टी दोनदा वाचली. "आपलं तेच का गं?" तेच. तोच रस्ता, घोडेपानी, लेते. विमान ९ वाजून ५५ मिनिटांनी उडालं होतं, म्हणजे त्या वाटेच्या हिशेबानं उशिरानंच. त्याच्या आधी दुसऱ्या कंपनीची विमानं त्या सकाळी जोमसोमला गेली होती. हे वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवशी त्या काउंटरवर कोण काय बोललं ते मला माहीत नाही आणि त्या बिचाऱ्या प्रवाशांवर मी कसलाही संशय घेत नाही. मला एवढंच आठवत होतं की अशा सकाळी मी काय बोलले होते.

शोध त्या दिवशी लागला नाही, ढग आणि अंधारामुळे थांबवावा लागला. कॅप्टनचा मोबाइल मात्र वाजत होता. दूरसंचार कंपनीनं त्याच्यावरून जागेचा अंदाज काढून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुस्तांग जिल्ह्यात थासांगच्या सानोस्वारेला, साडेचौदा हजार फुटांवर, अवशेष सापडले. जोमसोमच्या धावपट्टीपेक्षा दीड किलोमीटरहून अधिक उंच. बावीसपैकी कोणीही वाचलं नव्हतं. तो मोबाइल रिकाम्या डोंगरावर वाजत असेल हे माझ्या डोक्यातून किती तरी दिवस जात नव्हतं.

त्या आठवड्यात जो तो विमानाच्या वयाबद्दल बोलत होता. ते १९७९ चं होतं, खरं आहे. पण याच वाटेवर २४ फेब्रुवारी २०१६ ला, म्हणजे आमच्या प्रवासाच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी, तेवीस जणांना घेऊन गेलेलं ट्विन ऑटर काही महिन्यांपूर्वी कारखान्यातून आलेलं कोरं होतं. तेही डोंगरावर गेलं. चौकशीत निघालं की हवा खराब असताना वैमानिक पुन्हा पुन्हा ढगात शिरले आणि वाट सोडून भरकटले. २०२२ च्या चौकशीतही इंजिन बिघडलं असं काही निघालं नाही. विमान नकळत ढगात गेलं, योग्य मार्ग राखला गेला नाही, आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या यंत्राचा आवाज दाबून ठेवलेला होता.

या शेवटच्या वाक्याशी मी अडकून पडले. इशारा देणारं यंत्र कोणी का बंद ठेवील? तो नुसता बेफिकीरपणा म्हणून सोडून देता येत नाही. हे यंत्र कॅनडात जन्मलेल्या डॉन बेटमन नावाच्या अभियंत्यानं आयुष्य घालून घडवलं. १९७१ मध्ये अलास्कात जुनोजवळ १११ माणसांचं विमान डोंगरावर आदळलं. त्यानंतर बेटमन स्वतः छोट्या विमानातून त्याच मार्गानं गेले, आपलं यंत्र किती आधी ओरडतं ते बघायला. ते फार उशिरा ओरडत होतं. मग ते सुधारत राहिले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिकडचे जमिनीच्या उंचसखलपणाचे नकाशे मिळवले, जगभरचे डोंगर यंत्राच्या पोटात भरले. मोठ्या विमानांचे असे अपघात त्यामुळे कितीतरी कमी झाले. पण काली गंडकीसारख्या दरीत, जिथं दोन्ही बाजूंना भिंतीच आहेत, तिथं निरभ्र दिवशीही ते यंत्र ओरडतच राहतं. रोज, वीस मिनिटं, डोंगर आला, डोंगर आला. माणूस काय करणार? आवाज दाबतो. आणि ज्या एका दिवशी तो आवाज खरा असतो त्या दिवशी तो दाबलेलाच राहतो. त्या वैमानिकांना दोष द्यायला माझं मन धजत नाही.

हे नेपाळचं दुखणं आहे असं मी स्वतःला बजावत होते, तोवर एक सकाळ आमच्या दारात आली. २ ऑक्टोबर २०२४ ला मी नेहमीप्रमाणे वेताळ टेकडीवर गेले होते. धुकं होतं, पुण्यातलं, सुरेख, पाषाणच्या बाजूला काही दिसत नव्हतं. घरी येऊन चहा टाकला तेव्हा कळलं की पलीकडे बावधनला डोंगराशी हेलिकॉप्टर पडलंय. नुकतंच उडालेलं, जुहूकडे निघालेलं. तिघं गेले. मी ज्या धुक्याकडे बघत उभी राहिले होते, त्याच सकाळचं धुकं. आपला सह्याद्री हिमालयापुढे ठेंगणा खरा, पण ढगात दडायला त्याला तेवढी उंची पुरते. ७ जुलै १९६२ ला मध्यरात्र उलटल्यावर, मुंबई खरी होती त्याहून जवळ आली असं समजून लवकर खाली आलेलं एक इटालियन जेट जुन्नरच्या डोंगरात गेलं, चौऱ्याण्णव माणसं. ऑगस्ट १९७९ मध्ये पुण्याहून मुंबईला निघालेलं विमान पनवेलजवळच्या डोंगरावर, पंचेचाळीस. जुन्नरला आपण शिवनेरी बघायला जातो आणि पनवेलवरून तर रोज.

केदारनाथचं मात्र मला झोप येऊ देत नाही, कारण तिथं आपली माणसं जथ्यानं जातात. तीच गोष्ट आहे, फक्त विमानाच्या जागी हेलिकॉप्टर आणि काली गंडकीच्या जागी मंदाकिनी. खाली फाटा, सेरसी, गुप्तकाशीची हेलिपॅड, वर साडेतीन हजार मीटरवर मंदिर, मधे आठ-दहा मिनिटांची अरुंद दरी आणि डोळ्यांच्या भरवशावरचं उड्डाण. १८ ऑक्टोबर २०२२ ला गरुडचट्टीशी सात जण गेले, धुकं होतं. १५ जून २०२५ ला पहाटे गौरीकुंडाजवळ आणखी सात, त्यांत महाराष्ट्रातले आई-बाप आणि दोन वर्षांचीही न झालेली त्यांची मुलगी. तेव्हाही दरीत ढग उतरलेले होते.

हेलिकॉप्टरबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की ते हवेत थांबू शकतं. थांबतं, पण स्थिर राहायला वैमानिकाला बाहेरचं काहीतरी दिसावं लागतं, एखादं झाड, एखादा दगड. पांढऱ्यात आपण थांबलोय की मागं सरकतोय हे त्यालाही उमगत नाही. शिवाय इतक्या उंचीवर हवा विरळ, इंजिनाकडे राखीव ताकद फारशी उरत नाही. वैमानिकाच्या हातात उरतं ते एकच, आधीच न उडणं किंवा आधीच फिरणं. आणि ते बरोबर होतं हे त्याला कोणालाही दाखवून देता येत नाही. आमचे पोखऱ्याचे कॅप्टन परत फिरले. त्यांनी काय वाचवलं? कदाचित काहीच नाही, कदाचित दहा मिनिटांनी खरंच वाट मोकळी झाली असती. कदाचित मी आज हे लिहायला नसते. जो अपघात झाला नाही त्याचा पंचनामा होत नाही. रेकॉर्डवर राहतं ते एवढंच, की एक फेरी रद्द, इतक्या लोकांचे पैसे परत, आणि त्याच सकाळी दुसऱ्यांचं गेलं होतं.

मी त्या कॅप्टनचं नावही विचारलं नव्हतं. नंतर शोधायचा प्रयत्न केला, पण तिकिटावर तारीख आणि विमानाचा नंबर, एवढंच होतं.

गेल्या हंगामात मामेभाऊ, वहिनी आणि मामा केदारनाथला गेले होते. सकाळी दहाला फाट्याहून त्याचा फोन आला. मागं लाउडस्पीकरवर नावं पुकारत होते.

"ताई, पहाटे पाचपासून बसलोय. हे लोक सोडतच नाहीयेत. पलीकडच्या हेलिपॅडवरून दोन फेऱ्या गेल्या, मी स्वतः बघितल्या. त्यांचं जातंय मग यांना काय धाड भरलीय? तुझी कुणाशी ओळख आहे का?"

मी त्याला म्हटलं, "काउंटरवर जाऊन काही बोलू नकोस. बसून राहा."

"अगं, परवा परतीची गाडी आहे हरिद्वारहून."

"असू दे. गाडी चुकली तर मी दुसरं तिकीट काढते. मामांना गरम काहीतरी दे, आणि बस."

"किती वेळ बसू?"

मी त्याला हरिश्चंद्रगडाचं सांगायला लागले, पण मधेच रेंज गेली.

तीन वाजता त्याचा फोटो आला. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर शाली पांघरलेले लोक, मामा एका टोकाला, हातात कागदी कप. मागं हेलिकॉप्टर उभं, त्याची पाती दोरीनं खाली बांधलेली. त्याच्या पलीकडे डोंगर असायला हवा होता, तिथं काही नव्हतं. खाली दोन शब्द लिहिले होते, 'आज नाही.'

आई शेजारीच बसली होती. तिनं फोटो मोठा करून आधी मामांचा चेहरा पाहिला, मग ती दोरी कितीतरी वेळ बघत राहिली.

"कॅप्टनला नमस्कार सांग म्हणावं त्याला," ती म्हणाली. मी तसं टाइप केलं.